बस्त्यावसरांची अर्धी वाक्यं

लग्नाकार्यात कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर मी 'पुस्तकांचं काम' एवढंच सांगत आले. खरं उत्तर द्यायला गेलं की पुढची पंगत बसते तरी समजावणं संपत नाही. इथे जागा आहे, म्हणून सांगते. लेखक हस्तलिखित देतो, प्रकाशक ते छापतो आणि या दोघांच्या मध्ये एक बाई पेन्सिल घेऊन बसलेली असते. ती मी. ऱ्हस्वदीर्घ बघणारे मुद्रितशोधक वेगळे, ते माझ्यानंतर येतात. वाचणारा माणूस कुठे अडखळेल, कुठे कंटाळेल, लेखक आपल्याला बनवतोय असं त्याला कुठे वाटेल, हे त्याच्याआधी शोधायचं आणि समासात प्रश्न लिहायचे, हे माझं काम. हा कोण बोलतोय? ही कधीची गोष्ट? आत्याबाई मागच्या प्रकरणात वारल्या, मग इथे चहा कोण करतंय? लेखकानं उत्तर दिलं की दुरुस्ती होते. तो वाद घालून जिंकला, तर आपल्याच प्रश्नावर काट मारायची आणि बाजूला लिहायचं, 'असू दे'. प्रश्न मी आयुष्यभर ढिगानं लिहिले. 'असू दे' लिहायला माझी पेन्सिल कायम कुरकुरली.

विरारला मनवेलपाड्यात आमचं घर. खिडकीशी टेबल आणि खाली पाण्याच्या टँकरची जागा. टँकरचा हॉर्न वाजला की नायिकेला नदीकाठी तसंच उभं करून हंडे घ्यायला पळायचं. गिऱ्हाइकंही एकेक नग भेटली. एका निवृत्त साहेबांच्या आत्मचरित्रात ते एकदाही चुकले नव्हते. मी समासात लिहिलं, 'तुमची कधीच चूक झाली नाही का?' त्यांनी खाली लाल शाईत उत्तर लिहिलं, 'झाली. हस्तलिखित तुमच्याकडे दिलं.' जूचंद्रकडचे एक गृहस्थ कादंबरीतल्या खलनायकाला आपल्या जुन्या भागीदाराचं खरं नाव द्या म्हणून हटून बसले होते. नाव बदललं तर मला लिहून काय मिळालं, असं त्यांचं म्हणणं. अशा लोकांबरोबर राहून माझा स्वभाव आणखीच नियमाचा झाला. गोष्टीला सुरुवात हवी, माणसाला नाव हवं, आणि मेलेला माणूस मेल्याचं वाचकाला कळायला हवं. यात चूक काय आहे, हे मला आजही कळत नाही.

या सगळ्यावर पाणी ओतणारा माणूस म्हणजे बस्त्यावसर.

नंदाखाल गावच्या कॅथलिक वस्तीतले. केळीनारळाची थोडी बाग आणि गावाजवळच्या शाळेत मराठीचे शिक्षक. त्यांच्या पहिल्या कादंबरीत एकाही माणसाला नाव नव्हतं. कोणी कोणाला काका म्हणायचं, त्यालाच दुसरं कोणी व्याही म्हणायचं, तिसरं कोणी 'तो मेला मोटारवाला'. तीन प्रकरणं वाचून झाली तेव्हा मला कळलं की हा एकच माणूस आहे. मी संतापले. समास प्रश्नांनी भरून टाकले आणि बाड परत पाठवलं.

आठवड्याभरात सर आमच्या दारात उभे. पांढरा शर्ट, हातात केळीच्या वाळक्या सोपात बांधलेली सुकेळी. सुकेळी म्हणजे वाळवलेली केळी, ती आमच्याकडे वसईतच होतात. आत येऊन बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाय, तुमचे प्रश्न फार आवडले. एकही खोडू नका."

"मग उत्तरं द्या ना."

"तुम्ही तिसऱ्या प्रकरणात त्या माणसाला ओळखलंत ना?"

"ओळखलं. पण किती त्रास झाला."

"झाला ना? आमच्या गावात सून येते, तिलाही असाच त्रास होतो. कोण कोणाचा कोण, ते वर्षभरात हळूहळू कळतं. मग ती घरची होते. मी वाचणाऱ्याला पाहुणा म्हणून बसवत नाही, सून करून घेतो."

मी त्या बाडावर पहिल्यांदा सलग पानंच्या पानं 'असू दे' लिहीत गेले. रागाने लिहिलं, पण लिहिलं. पुस्तक फारसं खपलं नाही. ज्यांनी वाचलं त्यातले काही जण मात्र आजही मला विचारतात, त्या मोटारवाल्याचं पुढे काय झालं हो?

दुसरी कादंबरी त्याहून अवघड. त्यात गोष्ट म्हणावी अशी काही नाही. एका बावखलातलं पाणी वर्षभर कसं वाढतं आणि उतरतं, एवढंच आहे. बावखल म्हणजे आमच्याकडचं बागेतलं तळं. त्याच्या पाण्यावर केळी, पानवेली, सगळं शिंपलं जायचं. पाणी उतरलं की घरातल्या माणसांचे आवाज चढतात, एवढी एकच गंमत त्यांनी पुस्तकभर राखली होती. कुठे सांगितलेली नाही. पाण्यावरून घरातलं भांडण ओळखायला मी आपोआप शिकले. नियम मोडणारे लेखक मी बरेच पाहिले. बहुतेकांना आपण मोडला हे दाखवायचं असतं. सरांना काही दाखवायचं नव्हतं. त्यांना एखादी गोष्ट सरळ रस्त्याने जाऊन सापडत नसे, म्हणून ते कुंपणातून जात. अंगावर ओरखडेही त्यांच्याच येत.

त्यांच्या घरी मी पुष्कळदा गेले. ओट्यावर बसलं की समोर बाग आणि बागेच्या टोकाला बावखल. आसपासची बहुतेक बावखलं डेब्रिज टाकून बुजवली होती आणि त्यावर इमारती उभ्या राहत होत्या. सरांनी त्यांचं बुजवलं नाही. त्यांची बायको मोनिकाबाय ठसठशीत, कामाला वाघीण. नवऱ्याची पुस्तकं मात्र तिनं कधी उघडली नाहीत. "सरळ म्हणून लिवत नायत. माजं डोकं उठतं." गंमत अशी, की घरात सरांना एक वाक्य धड पूर्ण करायला मिळत नसे.

"मोनिका, माझा चष्मा..."

"शर्टाच्या खिशात."

"आणि ती कालची..."

"गोळी घेतली तुमी. सकाळीच."

मी हसायचे. सरही हसायचे. "बाय, या घरात मी फक्त सुरुवात करतो," म्हणायचे.

त्यांना एक मुलगा होता, विनीत. मी त्याला दोनचारदा पाहिलं होतं. उंच, अबोल, कानात सतत इयरफोन. तो कॉलेज संपवून घरी बसला होता, त्या काळात एका संध्याकाळी बावखलात बुडाला. पाय घसरला, असं गावानं सांगितलं. मातीला मी गेले होते. मोनिकाबाय येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होती, "शेवाळ होतं, पाय घसरला." मग सरांनी लिहिणं सोडलं, असं मला वाटलं. बरीच वर्षं मी सणाला गेले की सुकेळी मिळायची, पान मिळायचं नाही. त्यांची नजर जवळजवळ गेली, मूत्रपिंडं निकामी झाली आणि वसईला डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा अचानक फोन आला. "बाय, एक बाड आहे. पेन्सिलीला टोक काढून ठेवा."

ते बाड मी दुपारी उघडलं. एक घर आहे आणि घरात माणसं येत आहेत. ती मोटारीच्या पंपाबद्दल बोलतात, रस्ता रुंद होणार त्याबद्दल बोलतात, कुणाच्या तरी इस्रायलच्या नोकरीबद्दल बोलतात. ती का जमली आहेत, कोणी सांगत नाही. आणि अख्ख्या पुस्तकात वाक्यं अर्ध्यावर थांबतात. 'पाणी शेंदायला माणूस ठेवला होता, पण त्या दिवशी'. पुढे कोरं. 'पोराला आवडायची म्हणून तिने खाडीतल्या निवट्यांची कढी केली आणि मग ती कढी'. पुढे कोरं. पान दोन पान ठीक आहे. इथे अडीचशे पानं. मी प्रश्न लिहायला पेन्सिल उचलली आणि कुठे लिहावा तेच कळेना. त्या अर्ध्या वाक्यांतच मरण होतं हे दिसत होतं, पण मरण कुठेच लिहिलं नव्हतं.

मालकांनी, म्हणजे प्रकाशकांनी, वीसेक पानं वाचून चष्मा काढला. ते वाईट गृहस्थ नव्हते. सरांची आधीची दोन्ही पुस्तकं त्यांनीच काढली होती, न खपण्याची खात्री असताना.

"ताई, सरांच्या डोळ्यांना आता दिसत नाही ना?"

"जवळजवळ नाहीच."

"मग हे अर्धवट राहिलंय. आजारपणात लिहिलं, पूर्ण झालं नाही. तुम्ही त्यांचा हात ओळखता. वाक्यं पुरी करा आणि तो मुलगा कसा गेला, ते एका प्रकरणात नीट येऊ द्या. लोक रडतील. महिन्यात छापून देतो. असंच छापायचं असेल तर मला जमणार नाही."

सरांनी हे डोळे जायच्या आधी लिहिलं होतं, आजारपणात नव्हे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मला वाटतं, त्यांचा विश्वास बसला नाही.

मी नंदाखालला गेले. सर डायलिसिसहून येऊन पडले होते, दंडावर पट्टी. मोनिकाबायनं मला मागच्या दाराने विहिरीपाशी नेलं. नारळाची झावळी पडली होती, ती पायाने बाजूला सारली आणि म्हणाली, "बाय, डॉक्टर बोलले, आता दिवस थोडे हायत. तो तुमचा मालक मला फोनवर सगळं बोलला. तुमी पुरी करून टाका ती वाक्यं."

"सरांना चालणार नाही."

"त्यांना दिसतंय कुठं? हातात पुस्तक येल, वास घेतील, छातीवर ठेवतील. बस. मला तेवढंच पायजे. कोण वाचून दाखवणार हाय त्यांना? मी वाचत नाय, पोरगा ऱ्हायला नाय."

ती माझा हात धरून उभी होती. ती बाई कधी कोणाचा हात धरणारी नव्हती.

घरी येऊन मी एक प्रकरण घेतलं आणि पूर्ण करून पाहिलं. मला ते येतं, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्याच हाताने लिहीत आले आहे. 'पाणी शेंदायला माणूस ठेवला होता, पण त्या दिवशी तो आलाच नाही.' 'मग ती कढी तिने कोणाला न सांगता गड्याला देऊन टाकली.' चांगली वाक्यं झाली. वाचताना डोळ्यांत पाणीही आलं. आणि प्रकरण संपल्यावर मी उठले, कुकर लावला, आणि भात होईपर्यंत विसरून गेले. सरांचं अर्धं पान वाचलं होतं, तेव्हा दोन रात्री धड झोप लागली नव्हती. एवढा फरक मला पुरे होता. पण तो फरक मोनिकाबायला कसा सांगायचा? तिला पुस्तक चांगलं नको होतं, वेळेवर हवं होतं. आणि तिचंही काय चुकत होतं?

शेवटी मी सरांनाच सांगितलं. चोरून करणं मला जमलं नसतं. मालक काय म्हणाले, मोनिकाबाय काय म्हणाली, मी एक प्रकरण कसं पुरं केलं, सगळं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"वाचा तुमचं."

मी वाचलं.

"छान आहे," ते म्हणाले. "बाय, ही सगळी वाक्यं मला पुरी करता आली असती. पण त्यातलं एक नाही येत. त्याचा दुसरा भाग माझ्याकडे नाही. एकच वाक्य अर्धं ठेवलं तर ज्याचं ते आहे त्याच्याकडे बोट दाखवल्यासारखं होईल. म्हणून सगळीच अर्धी ठेवली."

"कोणतं वाक्य?"

"वाचणाऱ्याला सापडेल. नाही सापडलं तर..." आणि ते स्वतःच हसले, कारण त्यांचं वाक्य पुरं करणारी तेव्हा चर्चला गेली होती.

मालकांना मी नाही म्हणून कळवलं. त्यांच्याकडची माझी कामं त्यानंतर बंद झाली. ते साहजिक होतं. बाड घेऊन मी आणखी दोनतीन ठिकाणी फिरले. कोणी महिनाभर ठेवून घेतलं, कोणी दारातूनच परत दिलं. वसईतला एक तरुण, नुकताच पुस्तकं काढू लागलेला, 'छापतो' म्हणाला, पण त्याच्याकडे आधीची कामं अडकली होती. मी त्याच्या मागे लागले होते. सर मध्येच गेले. चर्चची घंटा वाजली तेव्हा मी विरारला होते, मला फोनवर कळलं. त्यांच्या हातात पुस्तक गेलं नाही. शवपेटीत मोनिकाबायनं त्यांच्या छातीवर जपमाळ ठेवली होती. मी पुस्तकाच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले आणि तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

माती झाल्यावर काही दिवस संध्याकाळी घरी रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात. चौथ्यापाचव्या दिवशी मी धीर करून गेले. पडवी भरली होती. शेजारच्या फिलूमावशी, ऐंशीच्या पुढच्या, प्रार्थना चालवत होत्या. मी हिंदू घरातली, कोपऱ्यात बसून ऐकत होते. फिलूमावशी प्रार्थना अर्ध्यापर्यंत म्हणायच्या आणि थांबायच्या. उरलेली अर्धी सगळी पडवी म्हणायची. पुन्हा मावशींची अर्धी, पुन्हा पडवीची अर्धी. मणी सरकत होते. सरांनी लहानपणापासून मरणाच्या घरात हेच ऐकलं होतं. एकाने अर्धं म्हणायचं आणि थांबायचं असतं. ते अपुरं नसतं, दुसऱ्यांना दिलेलं असतं. एवढी वर्षं यांच्या घरी सुकेळी खाल्ली आणि एकदाही संध्याकाळी थांबले नाही, याची लाज वाटली.

रोजरी संपली. चहा फिरला. मोनिकाबाय माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाड आणलंय काय पिशवीत?"

"आणलंय."

"मंग वाचा. पुस्तक नाय आलं. निदान ऐकू द्या, त्यात असं काय होतं ते."

मी वाचायला लागले. पहिलं वाक्य अर्ध्यावर आलं, मी थांबले. कोणीतरी कपबशी खाली ठेवली. मी पुढचं घेतलं, 'पाणी शेंदायला माणूस ठेवला होता, पण त्या दिवशी'. थांबले. फिलूमावशींच्या बोटांत माळ होती अजून. त्या सवयीनं म्हणाल्या, "त्याच्या घरी बाळंतपन होतं." बाजूचा एक म्हातारा म्हणाला, "आलावता तो. उशिरा." कोणी हसलं नाही. मग सगळेच बोलू लागले. मी अर्धं वाचायचं, पडवी अर्धं म्हणायची. पंपाचं कोणी सांगितलं, कढीचं कोणी सांगितलं. 'ती कढी आमी खाल्ली, तिसऱ्या दिवशी, खरं सांगतो, फेकवली नाय.' एका वाक्याला तीन-तीन उत्तरं यायची आणि कोणी कोणाला खोडत नव्हतं. जी अशी छापता येणार नाही असं मालक म्हणाले होते, त्या कादंबरीला ही एवढी पडवी भरून वाचक होता. सर तेवढे नव्हते.

मोनिकाबाय दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी पान उलटलं.

'सांजच्या वेळी पोरगा बावखलाकडे निघाला आणि ओट्यावरून त्याला बघणाऱ्या माणसाने'

मी थांबले. फिलूमावशींनी माळ मुठीत घेतली.

"हाक मारली नाय," मोनिकाबाय म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती.

"सकाळी आमचं भांडण झालंतं. बाग विकू बोलत होता. मी लय बोलली त्याला. सांजला निघाला, मी बसली होती इथंच ओट्यावर. बोलली मनात, जाऊ दे, राग निवला की येल. पाय घसरला का नाय घसरला, मला ठाव नाय. मी हाक मारली नाय, एवढं ठाव हाय."

फिलूमावशी उठल्या आणि तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मला पुढे वाचता येईना. त्या दिवशी मी तिथंच थांबले.

त्या तरुणाने पुढे पुस्तक छापलं. शेवटच्या मुद्रितांवर नजर फिरवायला मी नंदाखालच्या ओट्यावरच बसले होते, कारण मोनिकाबायनं तसं सांगितलं होतं. त्या पानाशी आले तेव्हा मी तिला विचारलं, तू म्हणालीस ते इथे घालू का?

"नको," ती म्हणाली. केळीचा घड सोलून ती सुकेळीसाठी परातीत मांडत होती. "त्यांनी नाय लिवलं ना? ऱ्हाऊ दे."

थोड्या वेळाने हात न थांबवता म्हणाली, "तेव्हा ते केळीत पाणी लावत होते, बाय. तिथून ओटा दिसतो. मी बघत होती, त्यांना ठाव होतं. एवढी वर्षं एका घरात ऱ्हायलो, मला कधी विचारलं नाय."

मी पेन्सिल काढली. त्या ओळीच्या समोर, समासात, 'असू दे' लिहिलं.